गोमुख: सव्वीस वर्षांनी त्याच दगडापाशी

पाऊलवाट

मंडळी, हा विषय दीड वर्ष डोक्यात घोळतोय. परवा स्वित्झर्लंडमधल्या ब्लाटेन गावावर हिमनदी कोसळल्याची बातमी पाहिली आणि कपाटातला जुना अल्बम काढला. आता लिहूनच टाकते.

१९९७ च्या ऑक्टोबरात मी आणि हे, दोघं गंगोत्रीहून गोमुखला, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या तोंडाशी, चालत गेलो होतो. अठरा किलोमीटरची वाट. नऊवर चीडबासा, चौदावर भोजबासा. तिथे मुक्काम करायचा आणि पहाटे उठून उरलेले चार किलोमीटर. आमच्याबरोबर उत्तरकाशीकडचा एक पोर्टर होता, तेव्हा पंचविशीतला असेल. गोमुखाच्या अलीकडे बैलगाडीएवढा एक करडा दगड आहे, त्याच्या मधोमध पांढऱ्या गारेची आडवी शीर. त्याला टेकून ह्यांनी माझा फोटो काढला. फोटोत माझ्या डाव्या खांद्यामागे बर्फाची भिंत आहे. इतकी जवळ, की तिच्यातल्या निळ्या भेगा मोजता येतात. खालच्या गुहेतून भागीरथी उसळत बाहेर पडतेय. त्या गुहेतून अंगावर येणारा गार वारा आणि आतून मधूनच होणारा तोफेसारखा आवाज मला अजून आठवतो.

२०२३ च्या ऑक्टोबरात पुन्हा गेले. हे आता नाहीत. भाची बरोबर होती. पोर्टर तोच, आता त्याचा मुलगाही सोबतीला. जाताना उत्तरकाशीच्या लॉजवर टीव्हीला सिक्कीमच्या तीस्तेच्या पुराच्या बातम्या चालल्या होत्या, तो पूर त्या दिवसांतला. जुन्या फोटोची छापील प्रत मी पिशवीत ठेवली होती. दगड पोर्टरनेच ओळखला. "दीदी, यही है." शीर तशीच होती, तिच्यावरून मी हात फिरवला. टेकून उभी राहिले, भाचीने मोबाइल वर केला आणि परत खाली घेतला. म्हणाली, "मावशी, मागे काहीच नाहीये."

मागे होता नुसता गोट्यांचा पसारा. करडी वाळू, मधून वाहणारं मळकट पाणी. तिथून बर्फ गाठायला पंचवीस मिनिटं लागली. मी सावकाश चालते हे धरूनही.

पण ज्यासाठी हे लिहितेय ते पुढेच आहे. मी मागे सरकलेल्या बर्फाबद्दल हळहळत होते, तेवढ्यात पोर्टर म्हणाला, "दीदी, पीछे नहीं, ऊपर देखो." दोन्ही बाजूंच्या उतारांवर, आपल्या डोक्याच्या बऱ्याच वर, फिकट रंगाचा एक पट्टा लांबवर गेलेला दिसत होता. वरचा डोंगर गडद, जुना, आणि त्या पट्ट्याखाली ताजी उकरल्यासारखी भुसभुशीत माती-दगडांची भिंत. बर्फ पूर्वी त्या पट्ट्याला टेकलेला होता, हे त्याने हातानेच दाखवलं. वर तपोवनाच्या कुरणाकडे जाताना हिमनदीवरून पलीकडे चढायला लागतं. त्याच्या बापाच्या वेळी ती चढण सोपी होती, आता सुटी दगडं अंगावर येतात, कारण बर्फच खाली बसलाय.

आपण सगळे "इतकी मीटर मागे हटली" एवढंच वाचतो. एखादा माणूस आजारपणात झडतो तेव्हा त्याची उंची कमी होत नाही. अंगावरचं मांस जातं, सदरा ढगळा होतो. गंगोत्री हिमनदीचं तसं झालंय. तीस किलोमीटर लांबीतून काहीशे मीटर गेले, यात लोकांना विशेष वाटत नाही. पण जी उरली आहे ती आतून रोडावलीय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. वीसेक वर्षं शाळेत भूगोल शिकवूनसुद्धा.

थोडं आकड्यांचं. १९३५ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जॉन ऑडेन यांनी गोमुखाचा नकाशा काढला. तेव्हापासूनच्या नोंदी पाहिल्या तर विसाव्या शतकात गोमुख वर्षाला सरासरी वीस मीटरच्या आसपास मागे गेलं. अलीकडे हा वेग कमी झालाय, आणि त्यावरून "बघा, हिमनदी सावरली" असंही मी वाचलंय. तो पट्टा पाहिल्यावर मला ते पटत नाही. जाणकारांनी सांगावं: हे सगळं तापमानवाढीमुळेच का? आणि वेग कमी झाला याचा अर्थ काय लावायचा?

---

कृष्णाकाठ

ताई, "हे आता नाहीत" या ओळीपाशी थांबलो थोडा वेळ. नमस्कार तुम्हाला.

आपल्याकडे देवळाच्या कुंडावर दगडी गोमुख असतं, त्यातून बारमाही धार पडते. लहानपणी मला वाटायचं खरं गोमुखही असंच कोरलेलं असेल.

एक बाळबोध प्रश्न. आमची कृष्णा महाबळेश्वरच्या पावसावर जगते, तिला बर्फाशी घेणंदेणं नाही. पण हिमनदी संपली की गंगा आटणार का?

---

हिमरेषा

पाऊलवाटताई, तुमच्या पोर्टरने जे दाखवलं ते आम्हाला शिकायला दोन वर्षं लागली. मी काही उन्हाळे हिमाचलात चंद्रा नदीच्या खोऱ्यात काम केलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी शब्द. गढवाली लोक हिमनदीला बामक म्हणतात. तुमच्या गंगोत्रीला वरून येऊन मिळणाऱ्या चतुरंगी बामक, रक्तवर्ण बामक ही नावं त्यातलीच. कुमाऊँत गल. लाहौलमध्ये शिगडी, म्हणजे दगडमातीने झाकलेली हिमनदी. मी काम केलं ती छोटा शिगडी, नऊएक किलोमीटर लांब. तिचा ताळेबंद, म्हणजे बर्फाची भर आणि झीज यांचा हिशेब, २००२ पासून सलग ठेवला जातोय. हिमालयात असं दुर्मीळ आहे, कारण तिथे दरवर्षी चढून जावंच लागतं.

हिमनदी म्हणजे आपली कणगी समजा. वरून धान्य पडतं, खालून काढलं जातं. वरच्या अंगाला बर्फ पडून साचतो, स्वतःच्या वजनाने दाबला जातो, सरकत सरकत खाली येतो आणि खालच्या अंगाला वितळतो. भरणं आणि काढणं जुळलं की कणगी आहे तेवढीच राहते. तोंड पुढे-मागे होणं हा उशिरा दिसणारा परिणाम. मोठ्या हिमनदीत वरच्या बदलाची खबर तोंडापर्यंत पोचायला कित्येक वर्षं, दशकंसुद्धा लागतात. म्हणून तोंड किती हटलं यावरून तब्येत ठरवू नये.

मग मोजायचं कसं? बांबूच्या काठ्या. खरंच. वाफेच्या ड्रिलने बर्फात खोल भोक पाडायचं, त्यात बांबू सोडायचा, वर किती राहिला ते लिहून ठेवायचं. पुढच्या वर्षी जाऊन पुन्हा मोजायचं. मी पहिल्या वर्षी खालच्या भागात एक काठी लावली तेव्हा तिचं टोक माझ्या घोट्याशी होतं. वर्षाने गेले तर ती माझ्या दीडपट उंच उभी होती, वाऱ्याने हलत होती. काठी जागची हलली नव्हती, माझ्या पायाखालचा बर्फ उतरला होता. मला हे कागदावर माहीत होतं. तरी तिच्या टोकाला हात पोचेना तेव्हा पोटात खड्डा पडला.

वर पडलेला नवा बर्फ जमेला धरूनही छोटा शिगडी सबंध अंगाने दरवर्षी सरासरी अर्ध्या मीटरच्या आसपास जाडीच्या पाण्याच्या थराएवढी झिजते. हा वीस वर्षांचा हिशेब आहे, एखाद्या वाईट वर्षाचा नव्हे. आपल्या गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचे लोकही याच खोऱ्यात सहा हिमनद्यांवर काम करतात. सुत्री ढाका हिमनदीजवळ चार हजार मीटरवर त्यांचं 'हिमांश' नावाचं ठाणं २०१६ पासून आहे.

आता वेग का कमी झाला. गंगोत्रीचा खालचा भाग दगडमातीने झाकलेला आहे. पातळ थर असेल, सेंटीमीटरभर वगैरे, तर ती माती ऊन शोषते आणि खालचा बर्फ जास्त वितळतो. हातभर जाड थर असेल तर उलट, घोंगडीसारखी राखण होते. म्हणून तोंडाशी माती जाड साचली की हटण्याचा वेग मंदावतो आणि हिमनदी मधल्या भागात खाली बसत जाते. मधे तळी तयार होतात, बर्फाचे उघडे कडे राहतात, त्यांच्यावर ऊन थेट लागतं. ताईंनी पाहिलेला पट्टा म्हणजे बर्फाच्या जुन्या पातळीची खूण.

एक गोष्ट आपल्या लोकांना चटकन कळेल. आल्प्समध्ये बर्फ हिवाळ्यात पडतो, उन्हाळ्यात वितळतो. मध्य आणि पूर्व हिमालयात मुख्य बर्फ पडतो तो आपल्याच मान्सूनमध्ये, म्हणजे उन्हाळ्यातच. साचणं आणि वितळणं एकाच वेळी. त्या काळात हवा अंशभर जरी तापली, तर जे हिमकण म्हणून पडायचं ते पाऊस म्हणून पडतं. भरणं घटतं. शिवाय ताजा बर्फ पांढराशुभ्र असतो, आलेल्या उन्हातलं बहुतेक ऊन परत फेकतो. तो पडलाच नाही की खालचा जुना मळका बर्फ उघडा राहतो आणि ऊन पिऊन घेतो. काढणं वाढतं. अंशभर ऊब, तोटा दोन्ही बाजूंनी. म्हणून हिमालयातल्या हिमनद्या तापमानाला इतक्या हळव्या आहेत.

कृष्णाकाठ, गंगा आटणार नाही. तिच्या सबंध खोऱ्याचा विचार केला तर वितळणाऱ्या बर्फाचा वाटा साधारण एक दशांश, बाकी पावसाचं. सिंधूचं अगदी उलट, तिथे वितळवणीवरच बरंच काही चालतं. पण सरासरीने फसू नका. मे-जूनमध्ये, पाऊस यायच्या आधी, वरच्या खोऱ्यातल्या गावांना जे पाणी मिळतं ते कुठून येतं ते पाहा. आणि गंमत अशी की सुरुवातीला पाणी वाढतं, कारण कणगी जोरात रिकामी होतेय. ते शिगेला पोचून उतरणीला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो.

---

कृष्णाकाठ

कणगी डोक्यात पक्की बसली. आभार.

---

वाईकरअण्णा

पाऊलवाटताई, हिमरेषाताई, दोघींचं लेखन मनापासून आवडलं. तरी माझी शंका मांडतो, वाकडा अर्थ काढू नये.

हिमनद्या १८५० च्या सुमारापासून मागे हटताहेत. त्याआधी काही शतकं थंड काळ होता, तो संपला आणि बर्फ ओसरू लागला. तेव्हा गाड्या नव्हत्या, वीजकेंद्रं नव्हती. मग आजचं सगळं खापर माणसावर का? दुसरं, २०३५ पर्यंत हिमालयातल्या हिमनद्या नाहीशा होतील असं संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीने छापलं होतं. मी तेव्हा नोकरीत होतो, आमच्या कचेरीत माणसं घाबरली होती. नंतर त्यांनीच चूक कबूल केली. तिसरं, काराकोरममधल्या हिमनद्या स्थिर आहेत, काही तर वाढल्यात. मग कोणावर विश्वास ठेवायचा?

---

हिमरेषा

अण्णा, वाकडा अर्थ मुळीच नाही. तिन्ही मुद्द्यांत तथ्य आहे, म्हणूनच नीट उत्तर द्यायला हवं.

२०३५ ची चूक मोठी होती, आणि लाजिरवाणीसुद्धा. २००७ च्या अहवालात ते वाक्य गेलं. त्याचा माग काढला तर पुढे एका पर्यावरण संस्थेचा अहवाल आणि त्यामागे १९९९ मधल्या मासिकातली एक मुलाखत. कुठल्याच तपासलेल्या शोधनिबंधाचा आधार नव्हता. २००९ च्या नोव्हेंबरात आपल्या पर्यावरण मंत्रालयाने भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांचा अहवाल काढून त्या भीतीला आव्हान दिलं होतं. २०१० च्या जानेवारीत समितीने चूक मान्य केली. या प्रकरणाने आमच्या क्षेत्राचं फार नुकसान केलं, कारण त्यानंतर खरं सांगितलं तरी लोक "२०३५ सारखंच ना?" म्हणू लागले.

पण त्या चुकीमुळे झालं असं की माणसं जिद्दीने मोजायला लागली. अमेरिकेच्या हेर-उपग्रहांनी सत्तरच्या दशकात टिपलेली, नंतर खुली झालेली चित्रं घेऊन हिमालयातल्या शेकडो हिमनद्यांची उंची काढली गेली आणि आजच्या उंचीशी ताडून पाहिली. २०१९ मध्ये ते छापून आलं. १९७५ ते २००० या काळाच्या तुलनेत २००० नंतर झीज दुप्पट झाली. सगळ्या लांबीभर, सिक्कीमपासून हिमाचलपर्यंत, कमी-जास्त पण सगळीकडे. काजळीचा वाटा आहे, पाऊसमान बदलतंय, पण इतक्या वेगवेगळ्या खोऱ्यांत एकाच दिशेने जाणारी गोष्ट म्हणजे तापमान.

१८५० चा मुद्दा तर अचूक आहे. सुरुवातीची माघार मुख्यतः नैसर्गिक होती. २०१४ मध्ये जगभरच्या हिमनद्यांवर हाच प्रश्न धरून काम झालं. १८५१ पासून २०१० पर्यंतच्या एकूण झिजेत माणसाचा वाटा सुमारे पाव. पण त्यातली १९९१ ते २०१० ही वीसच वर्षं वेगळी काढली तर तो सुमारे दोन तृतीयांश. मला स्वतःला पटवणारा याहून मोठा पुरावा दुसरा नाही, कारण यात निसर्गाचं श्रेय निसर्गाला दिलंय. हवेतला कर्बवायू तेव्हाच्या २८० वरून आज दशलक्ष भागांत ४२० च्या वर गेलाय, हे त्याच काळातलं.

काराकोरमबद्दल पण तुम्ही बरोबर. तिथे बर्फ मुख्यतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांनी पडतो, खूप उंचीवर आणि खूप थंडीत. म्हणून ऊब वाढली तरी तो बर्फच राहतो. अपवाद का आहे ते कळतं, तेव्हा नियम अधिक पक्का होतो. मात्र तिथलाही तोल अलीकडे ढळू लागलाय.

काठमांडूच्या 'इसिमोड' या संस्थेचा अंदाज असा आहे की जग दीड अंशाने तापलं तर हिंदुकुश-हिमालयाचा पट्टा किमान १.८ अंशाने तापेल. तेवढ्यावर थांबलो तरी शतकाअखेर तिथला एक तृतीयांश बर्फ जाईल. आहे तसंच चालू ठेवलं तर दोन तृतीयांश. २०३५ नव्हे. पण आज शाळेत जाणाऱ्या मुलांच्या हयातीत.

---

वाईकरअण्णा

पाव आणि दोन तृतीयांश हा हिशेब मला नवीन आहे. कुणी असं फोड करून सांगत नाही, नुसतं भिववतात. त्या शोधनिबंधाबद्दल मुलाला शोधून द्यायला सांगतो. घाबरवणाऱ्यांवरचा माझा राग मात्र तसाच राहील.

---

पाऊलवाट

अण्णा, त्या रागात मीही तुमच्याबरोबर आहे. वर्गात "२०३५" मीसुद्धा शिकवलंय. त्या मुलांना आता कुठे गाठू?

---

आल्प्सवासी

मी झुरिकला नऊ वर्षं आहे. ब्लाटेनचा उल्लेख आलाय म्हणून लिहितो.

२८ मे २०२५ ला दुपारी बिर्च हिमनदी कोसळली आणि गावाचा बहुतेक भाग गाडला गेला. पण तीनशे माणसांना आणि गुरांनाही दहाएक दिवस आधीच बाहेर काढलं होतं. वरच्या डोंगराचे कडे ढासळून हिमनदीवर पडत होते, त्या ओझ्याने ती पुढे सरकू लागली होती, आणि हे सगळं यंत्रांनी मोजलं जात होतं. तरी एक जण गेलाच. आमच्या ऑफिसात त्या खोऱ्यातली एक बाई आहे. तिच्या आजीचं घर त्या चिखलाखाली आहे. ती दोन दिवस कामावर आली, काही बोलली नाही, मग रजेवर गेली.

इथे हिमनद्यांचा हिशेब फार काटेकोर ठेवतात. २०२२ मध्ये एका वर्षात सहा टक्के बर्फ गेला, २०२३ मध्ये चार. दोन वर्षांत दहा टक्के. मी फुर्का घाटाजवळ ऱ्होन हिमनदी पाहायला गेलो होतो. तिथे बर्फात कोरलेली गुहा पर्यटकांना दाखवतात, ती टिकावी म्हणून हिमनदीच्या त्या भागावर पांढरी कापडं पांघरलीयत. जवळून पाहिली तर फाटलेली, मळलेली, वाऱ्याने फडफडणारी. आईला दवाखान्यात पाहिल्यासारखं वाटलं, खोटं नाही सांगत. जगातल्या श्रीमंत देशापाशीही याहून मोठी पांघरूणं नाहीत.

---

वारकरीण

मला शास्त्र फार कळत नाही. पण केदारनाथचं लिहिते.

२०१३ च्या जूनमध्ये माझे आत्या-मामंजी आमच्या गावच्या बसबरोबर चारधामला गेले होते. १६ तारखेला ते गुप्तकाशीत होते, आत्यांचा गुडघा दुखायला लागला म्हणून एक दिवस थांबले. बसमधले सहा जण वर गेले. त्यातले दोन परत आले. आत्या अजून म्हणतात, गुडघ्याने वाचवलं. आणि मग म्हणतात, मला का वाचवलं.

मला एवढंच विचारायचंय, तो पूर हिमनदीचा होता का? कुणी म्हणतं ढगफुटी, कुणी काही.

---

हिमरेषा

वारकरीण, तुमच्या आत्यांना माझा नमस्कार सांगा.

देवळाच्या वर, दोनेक किलोमीटरवर चोराबारी हिमनदी आहे. ती पूर्वी मोठी होती. मागे हटताना तिने कडेला दगडमातीचे बांध सोडले, त्याला हिमोढ म्हणतात. त्या बांधाआड एक तळं होतं, चोराबारी ताल, गांधी सरोवरही म्हणत. त्याला पाणी बाहेर जायला वाट नव्हती. त्या जूनमध्ये मान्सून फार लवकर आणि जोरात वर चढला, डोंगरावर हिवाळ्याचा बर्फ अजून होता, त्यावर पाऊस पडून तोही वितळला. तळं भरलं आणि १७ तारखेला सकाळी बांध फुटला. तेव्हा एकट्या हिमनदीने केलं असं म्हणता येणार नाही. पाऊस, बर्फ, तळं आणि नदीच्या पात्रात झालेली बांधकामं, सगळं एकत्र आलं.

सिक्कीमचं, जे ताईंनी उत्तरकाशीत टीव्हीवर पाहिलं, ते जास्त सरळ आहे. दक्षिण ल्होनाक हिमनदी हटत गेली तसं तिच्यासमोरचं तळं वाढत गेलं. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री कडेचा हिमोढ तळ्यात कोसळला, लाट उठली, बांध फुटला, आणि खाली चुंगथांगचं साठ मीटर उंच धरण वाहून गेलं. हे तळं धोकादायक आहे हे अनेक वर्षं सांगितलं जात होतं.

उलट २०२१ च्या फेब्रुवारीत उत्तराखंडात चमोलीला दोनशेवर माणसं गेली, तेव्हा सगळ्या वाहिन्या "हिमनदी फुटली" म्हणत होत्या. प्रत्यक्षात रोंटी शिखराचा कडा तुटला होता, त्यात चार हिस्से खडक आणि एक हिस्सा बर्फ. प्रत्येक दुर्घटनेला एकच नाव दिलं की पुढच्या वेळी कुठे लक्ष ठेवायचं तेच कळत नाही.

---

वारकरीण

आत्यांना वाचून दाखवलं. "तळं होतं म्हणजे," एवढंच म्हणाल्या. आभारी आहे ताई.

---

लेहमुक्काम

मिस्टरांच्या पोस्टिंगमुळे अडीच वर्षं लेहला काढली, त्याबद्दल थोडं.

लडाखी शेतकऱ्याची अडचण पाणी नसणं ही नव्हे, वेळेवर नसणं ही आहे. जवाची पेरणी एप्रिल-मेत, कारण उन्हाळा एवढासा. आणि वरच्या हिमनद्यांचं पाणी येतं जूनमध्ये. मधले सहा आठवडे सगळ्या गावाचा जीव टांगणीला. प्रत्येक गावात पाण्याच्या पाळ्या ठरवणारा एक माणूस असतो, चुरपोन. आमच्याकडच्या फडावर पाटकरी असतो तसाच. त्याच्या शब्दाला केवढं वजन!

चेवांग नोर्फेल म्हणून तिथले निवृत्त स्थापत्य अभियंते आहेत, २०१५ चे पद्मश्री. त्यांनी ऐंशीच्या दशकाअखेरीपासून ओढ्याचं हिवाळ्यातलं वाया जाणारं पाणी डोंगराच्या सावलीतल्या उतारावर वळवलं, दगडी बांध घालून संथ केलं, थरावर थर गोठवले. गावाजवळ, कमी उंचीवर, म्हणून तो बर्फ एप्रिलमध्येच वितळतो. पुढे सोनम वांगचुक यांनी उभे बर्फस्तूप केले. वरून नळाने पाणी आणायचं, ते आपल्याच दाबाने कारंजं होऊन उडतं आणि थंडीत गोठून शंकू होतो. शंकूला ऊन कमी लागतं, म्हणून टिकतो. मी लेहजवळच्या फ्यांग गावात मे महिन्यात पाहिलाय, सभोवती धूळ, जर्दाळूला पालवी, आणि मधे टपटप गळणारा हा बर्फ. एक आजी त्याखाली डबा लावून बसली होती.

पण याला हिमनदीचा पर्याय समजू नका. तो एका हिवाळ्याचा साठा आहे, आणि ओढा वाहता असेल तरच भरतो. झंस्कारमधल्या कुमिक गावाला ओढाच पुरेना, तेव्हा लोकांना गाव खाली हलवायची वेळ आली.

---

सोलापूरची_बाई

सुट्टीतल्या शिबिरात सातवीच्या मुलांना हा धागा थोडा थोडा वाचून दाखवला, उन्हं कडकच होती. रसवंतीवाल्याकडून बर्फाच्या लादीचे तीन सारखे तुकडे आणले. एक तसाच, एकावर चिमूटभर कोळशाची पूड, एकावर चार बोटं माती. अंगणात ठेवले. पुडीचा आधी गेला, मग साधा. मातीखालचा शिबिर सुटेपर्यंत होता. एक मुलगा म्हणाला, "बाई, मग सगळ्या हिमनदीवर माती टाकू या ना." मी उत्तर द्यायच्या आत मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "वरून नवा बर्फ पडणार तो कुठे पडेल मग?" हिमरेषाताई, तिला काय सांगू?

---

हिमरेषा

तिला सांगा, ती बरोबर आहे. कणगीचं तोंड झाकलं तर भरायची कुठून. आणि एवढ्या डोंगरावर माती वाहून नेणारे ट्रक आणखी काजळी ओकतील. काजळी हा मात्र आपल्या हातातला भाग आहे. चुली, वीटभट्ट्या, डिझेल, शेतातलं काड पेटवणं, हे सगळं हवेतून त्या बर्फावर जाऊन बसतं, आणि बंद केलं तर काही आठवड्यांत हवा निवळते. कर्बवायूचं तसं नाही, तो शतकानुशतकं राहतो. म्हणून दोन्ही लागेल, पण कोळसा-तेल कमी करण्याला पर्याय म्हणून काजळीकडे बोट दाखवू नये.

त्या मुलीला काठीचा फोटो पाठवते.

---

पाऊलवाट

एवढं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार मानते.

निघताना जुन्या फोटोची छापील प्रत मी पोर्टरच्या मुलाकडे दिली होती. त्याला सांगितलं, दर ऑक्टोबरात गोमुखाला गेलास की त्याच दगडाशी, तेवढीच जागा धरून एक फोटो काढ, आणि दुसरा बाजूच्या त्या पट्ट्याचा. २०२४ चे दोन्ही आलेत. दगडाशी तो स्वतः उभा आहे, शीर खांद्याच्या रेषेत आहे, बर्फ चौकटीत कुठेच नाही. पट्ट्याच्या फोटोत मात्र त्याने कडेला आपल्या बापाला उभं केलंय, माप कळावं म्हणून. हे मी सांगितलेलं नव्हतं. तो माणूस इतका लहान दिसतो की आधी मला सापडलाच नाही.

या ऑक्टोबरचे आले की इथेच टाकते.